खुर्चीतल्या माणसाला दिसत नाही

गल्लीतले लोक त्याला रेडिओ म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी सलूनचं शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली येईपर्यंत. पुढारी, हवामान, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं कात्रीच्या तालावर. एकाच बाबतीत त्याला बोलण्यासारखं काही नव्हतं. बायको कामाला नेमकी कुठे जाते, ते त्याला ठाऊक नव्हतं. घर सोडून आलेल्या बायकांच्या एका आसऱ्यात ती स्वयंपाक करायची. तिथला पत्ता कुणालाच सांगायचा नाही, नवऱ्यालाही नाही, ही कामावर घेतानाची अट. तिने सांगितला नाही, याने विचारला नाही. असा न विचारणारा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे तो तिला अधूनमधून ऐकवायचा आणि ती हसून मान डोलवायची.

मग लेकीने दोघांच्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं. आई अंधार पडल्यावर एकटी येते, तर ती कुठवर आली हे बाबांना दिसलेलं बरं, एवढाच तिचा हेतू. आईची समजूत अशी, की आपण घराकडे निघालो की ते चालू होतं. रेडिओला मात्र नकाशावरचा तो निळा ठिपका भलताच आवडला. ठिपका हलला की तो दुकानामागच्या खोलीत जाऊन चहाचं आधण ठेवायचा आणि ती दारात आली की कप पुढे करायचा. दिवसभर ठिपका एकाच जागी बसलेला असतो, म्हणजे आपल्याला पत्ता कळलाच की, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं आणि त्याने ते झटकून टाकलं. आपण कुठे विचारलं होतं?

फोन तो आरशाखालच्या फळीवर उभा करून ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात कामात असले तरी नजर टाकता यावी. समोर गिऱ्हाईक असायचं, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं वयस्कर. बसल्या बसल्या चष्मा काढून फळीवर ठेवायची आणि मग आरशातलं स्वतःचं तोंडही त्यांना धड दिसायचं नाही. वर्षानुवर्षं हे पाहून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की खुर्चीतल्या माणसाला दिसत नाही.

इस्त्रीसाहेबांना चष्मा नव्हता. हे नाव रेडिओनेच मनातल्या मनात ठेवलेलं, कारण त्यांच्या शर्टाची घडी कधी मोडलेली दिसायची नाही. हळू बोलणारा, सभ्य माणूस. एकदा दाढी करता करता त्यांचे डोळे भरून आले. बायको लहान मुलीला घेऊन निघून गेली, कुठे गेली काही पत्ता नाही, म्हणाले. रेडिओने वस्तरा बाजूला ठेवला. धीर देण्यात तर त्याचा हातखंडा. कुठल्यातरी आसऱ्यात असतील, उपाशी नसतील, असं तो म्हणाला. आमची ही अशाच एका ठिकाणी रांधते, तिच्या हाताला चव आहे, हेही सांगून बसला. तेव्हापासून साहेब रोज दाढीला येऊ लागले. रेडिओला वाटलं, आपल्या बोलण्याने माणसाला आधार वाटतो.

एका संध्याकाळी एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. साहेब सहज म्हणाले, "आज ताई अजून कामावरून निघाल्या नाहीत वाटतं."

रेडिओचा वस्तरा हवेतच थांबला. आरशात त्याने पाहिलं, तर साहेबांची नजर आरशात नव्हतीच, त्याखालच्या फळीवर होती. वस्तरा हातात असलेल्याने थरथरून चालत नाही. त्याने दुसरा गाल पूर्ण केला, तोंड पुसून दिलं, 'या' म्हणाला. साहेब कोपऱ्यावरून वळले तसा त्याने बायकोला फोन लावला आणि जे झालं ते एका दमात सांगितलं. फोन ठेवा, एवढंच ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी आसरा रिकामा झाला. बायका, मुलं, भांडी, सगळं दुसरीकडे हललं. आसरा चालवणाऱ्या बाईंनी पोलिसांत कळवलं, पण दाढीला येणं हा काही गुन्हा नव्हे. बायको घरी आली तेव्हा रेडिओ ॲप काढून टाकून अपराध्यासारखा बसला होता. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, असं तो चारचारदा म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, याचा मला केवढा अभिमान होता," ती म्हणाली. "पण तुम्ही बघत होतात."

साहेबांची बायको खरंच तिथे होती का, मुलगी सुखरूप आहे का, एवढं तरी सांग, म्हणून त्याने गयावया केली. पण तेही सांगण्यातलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती फोन घरी ठेवून कामाला जाऊ लागली.

साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांना हाकलून द्यायचं, हे रेडिओने पक्कं केलं होतं. ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "ताई हल्ली कुठे जातात कामाला?"

"मला ठाऊक नाही," रेडिओ म्हणाला, आणि ते खरं होतं. तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा विचारतोय, म्हणजे याला त्या दोघी सापडलेल्या नाहीत. जी गोष्ट बायको मरेपर्यंत सांगणार नव्हती, ती हा माणूस स्वतःच्या पायांनी येऊन सांगत होता. रेडिओने निमूटपणे ब्रश पाण्यात बुडवला.

आठवड्यांमागून आठवडे साहेब येत राहिले, आडून आडून विचारत राहिले. आणि एकदा आलेच नाहीत. त्या दिवशी रेडिओने एकाचे कल्ले खालीवर कापले. पुढच्या दिवशीही खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशी तो दारातच उभा राहिला. दोन गिऱ्हाइकं वाट पाहून कुरकुरत निघून गेली. त्याच्या डोळ्यांसमोरून आसऱ्याचं कधी न पाहिलेलं दार हलेना, आणि त्या दारावर थाप मारणारा इस्त्रीचा शर्ट.

दिवे लागायच्या सुमारास कोपऱ्यावरून साहेब येताना दिसले. दाढी वाढलेली, ताप येऊन गेलेला चेहरा.

"वहिनींचं काही कळलं?" रेडिओने विचारलं.

"नाही हो. अजून नाही."

रेडिओने खुर्ची झटकली, तिच्यावर स्वच्छ टॉवेल टाकला. एवढा आनंद आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला पाहून त्याला झाला नव्हता.

"बसा, साहेब," तो म्हणाला. "असेच येत राहा."