खिंडीखाली टाकलेलं ओझं

माचू पिच्चूच्या वाटेवर मी कित्येक हंगाम ओझी वाहिली, पण ते अवशेष आत जाऊन कधी पाहिले नाहीत. शेवटच्या मुक्कामावर तंबू आवरले की आम्ही हमालांनी खाली उतरून रेल्वे गाठायची आणि पर्यटकांनी वरच्या दरवाजातून आत शिरायचं, अशीच रीत. त्याचं मला वाईट वाटत नसे. राग आला तो एलेउतेरिओ भावजींच्या वेळी.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या फेरीत आम्ही एकाच गटात होतो. गटाचा वाटाड्या विल्बर आमच्याच खोऱ्यातला, हमालाचाच मुलगा. पहिल्या संध्याकाळी पडक्या भिंतींसमोर उभा राहून तो पर्यटकांना सांगत होता, "आमच्या पूर्वजांच्या राज्यात आजारी माणसाला अख्खा गाव सांभाळायचा." त्याच रात्री आम्ही गळक्या तंबूत चिखलावर झोपलो. भावजी रात्रभर खोकत होते.

सकाळी मी म्हटलं, "विल्बर, भावजींना परत पाठव. अंगात ताप आहे."

"मग त्यांचं ओझं काय तू उचलणार?" तो म्हणाला. "कोकाची पानं चघळू दे. होतील बरे."

मेलेल्या बाईची खिंड म्हणतात, तिचा चढ चढताना गारा सुरू झाल्या. खिंड दिसू लागली तेव्हा भावजी वाटेतच बसले. ओठांवर गुलाबी फेस आला होता, छातीत घरघर. एका पर्यटक बाईने थांबून विचारलं, "याला काय झालं?"

"प्यायलाय," विल्बर तिला स्पॅनिशमध्ये म्हणाला.

एवढं स्पॅनिश मला येतं. भावजी तर सणालाही दारूला शिवत नाहीत.

मी पाठीवरचं ओझं खाली टाकलं. जेवणाच्या खुर्च्या दगडांवरून गडगडत गेल्या. गाठोड्याची गाठ सोडून मी आतली ऑक्सिजनची बाटली काढली.

विल्बरने माझा हात धरला. "ए हिलारिया, ती पाहुण्यांसाठी आहे. त्यांच्यापैकी कुणाला लागली तर?"

"तर त्यांनाही म्हण, प्यायलेत."

नळी मी भावजींच्या नाकाला लावली. मागून आलेले हमाल थांबले. एकेकाने ओझं उतरवलं. जाड घोंगडीची झोळी करून आम्ही भावजींना उचललं.

"तंबू कोण नेणार? हे लोक झोपणार कुठे?" विल्बर ओरडत होता.

"तुझ्या पूर्वजांना विचार," आमच्यातला म्हातारा हमाल नाझारिओ म्हणाला, आणि आम्ही उतरायला लागलो.

भावजी वाचले. पण शेताचा चढही आता त्यांना एका दमात जमत नाही. सहलीच्या कंपनीने मला आणि नाझारिओला पुन्हा बोलावलं नाही. विल्बर अजून गट नेतो.

परवा बाजारात तो आडवा आला. "ताई, झालं गेलं सोडून द्या. माझीही नोकरी होती."

"भावजी शुद्धीवर होते," मी म्हटलं. "तू काय म्हणालास ते त्यांनी ऐकलंय. माफी मागायची तर त्यांच्या दारात जा."

तो कांदे निवडत राहिला. अजून गेलेला नाही. बहीण म्हणते, इतका राग बरा नव्हे, झोप उडते. माझी झोप चांगली लागते.