राजा गॉडबर्टच्या खिशातले पाव

इंग्लंडमधल्या नॉरिच शहरातल्या एका पबच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी पाच नट तालमीशिवाय नाटक करत. प्रेक्षकांनी एका राजाचं नाव आणि एक संकट सुचवायचं, की जुन्या ऐतिहासिक नाटकांच्या थाटात, तसल्याच भारदस्त पद्यात यांनी त्याचं राज्य तिथल्या तिथे उभं करायचं. नियम एकच होता: समोरच्याने जे दिलं ते नाकारायचं नाही.

राजा बहुतेक वेळा क्लेमंट थर्टलच व्हायचा. त्या दिवशी नाव आलं राजा गॉडबर्ट, आणि संकट असं की मुकुट सापडत नाही. क्लेमंट म्हातारा, विसरभोळा राजा झाला. त्याची मुलगी झाली हेस्टर लव्हिक. पण नाटक काही केल्या रंगेना. मागच्या बाकांवर लोक आपापसात बोलू लागले, तसा क्लेमंट घाबरला.

मग त्याने राजाच्या जेवणाच्या ताटातले पाव उचलून खिशात कोंबायला सुरुवात केली. हशा पिकला. त्याने मुलीचा हात धरला, दिवंगत राणीच्या नावाने तिला हाक मारली आणि लाजत लाजत लग्नाची मागणी घातली. लोक हसून लोटपोट झाले.

हे त्याला सुचलेलं नव्हतं. हेस्टरचे वडील हल्ली असंच करत. येताना गाडीत तिनेच त्याला ते सांगितलं होतं, आणि सांगताना ती रडली होती.

हेस्टरने हात सोडवून घेतला नाही. मग गुडघे टेकून, आवाज जराही न कापू देता तिने पद्यातच उत्तर दिलं, की महाराज, आपलं लग्न कधीच झालं, आता जेवून घ्या. हसणं थांबलं. शेवटी टाळ्या इतका वेळ वाजल्या की क्लेमंटला मान वर करवेना.

खाली लोकांनी त्याला गाठलं. हे सुचतं तरी कसं, असं एका बाईने विचारलं. तो म्हणाला, "असंच, ऐन वेळी." म्हणताक्षणी त्याचे कान तापले.

बाहेर फुटपाथवर हेस्टर तिच्या भावासमोर उभी होती. अल्बन पहिल्यांदाच बहिणीचं नाटक बघायला आला होता. घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायला हेच मिळालं का, असं तो तिला विचारत होता आणि ती खाली बघून ऐकून घेत होती.

क्लेमंट मध्ये पडला. "तिची काही चूक नाही. तिने मला विश्वासाने सांगितलं होतं. मी ते वापरलं."

अल्बनने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पाव खिशात घातलेत ना, तेव्हा मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने. मग लक्षात आलं, की हे आमचे बाबा आहेत."

भाऊबहीण निघून गेले.

हेस्टर दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, तेव्हा क्लेमंटने जिन्यातच माफी मागितली.

"स्टेजवर तू काहीही दे, मी घेईन," ती म्हणाली. "घरचं मात्र आता तुला सांगणार नाही."

तो बरं म्हणाला. त्या दुपारी राजा कोण होणार, असं कुणीतरी विचारलं. क्लेमंट पडद्याच्या दोऱ्या सोडवत बसला, आणि हेस्टर पुढे झाली.