प्रभुभोजनाची बोळकी

सुंदरराव मास्तरांना पुढारीपणाची भारी हौस. डोक्यावर पाद्री साहेबांची जुनी टोपी, पायात साहेबांचेच जुने बूट, आणि बुटांच्या मानाने पाय दोन बोटं लहान. चालले की फटक फटक आवाज यायचा. नगरच्या मिशनशाळेत शिकून आलेला हा माणूस दरसाल दिवाळी सरली की मंडळीतली तरुण पोरं गोळा करायचा आणि बीडच्या बाजूला गावोगाव हिंडवायचा. याला तो सुवार्तेची फेरी म्हणे. फेरीच्या शेवटी एखाद्या आमराईत मुक्काम पडायचा, त्याचं नाव एकांत. दोन बैलगाड्या, पेटी, झांजा, पंधरा माणसं आणि दिवसभर मास्तरांचं बोलणं. असा एकांत देवाने वैऱ्यालाही देऊ नये.

मी मंजुळाबाई, मिशनची बायबलबाई. फेरीत दोन मुली असायच्या म्हणून मला सोबत धाडत. बायकांत बसून प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, मुलींवर नजर ठेवायची आणि चुलीवरही. मास्तरांवर नजर ठेवायला मला कोणी सांगितलं नव्हतं, ती मी आपण होऊन ठेवली.

प्लेगाची साथ ओसरली त्या साली नारायणगडाच्या जत्रेत आमची चांगलीच फजिती झाली. तहसिलातून परवानगी आणलेली, मास्तर गाडीवर चढून हात पसरून गाताहेत, आणि लोक रेवड्या घेऊन समोरून चाललेत. कोणी थांबेना. तेवढ्यात आमच्यातला आश्रुबा पुढे झाला. त्याने काटक्यांच्या जाळावर हलगी शेकली आणि अशी घुमवली की घटकेत गाडीभोवती माणूस मावेना. मास्तर बोलले आणि लोकांनी ऐकून घेतलं. रात्री मास्तर म्हणाले, "आज माझ्या वाणीत सामर्थ्य आलं होतं." मी भाकरी थापत होते, म्हणून गप्प बसले.

आश्रुबा मांगवाड्यातला, मिसरूड फुटून दोन-तीन वर्षं झालेला. बाप्तिस्मा झाला होता, पण प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, अजून बसला नव्हता. मास्तरांनी त्याला शब्द दिला होता: फेरीभर हलगी वाजव, शेवटी आमराईत साहेब येतील तेव्हा तुला सगळ्यांबरोबर बसवू. त्या एका शब्दावर तो पोर गावोगाव बोटं सुजेस्तोवर वाजवत होता.

"बाई," तो मला म्हणाला, "लगनात आमी वाजवायचं आन् लोकांनी जेवायचं. आजवर पंगतीत कुनी बसवलं न्हाई. आता बसनार."

आणि रोजची पंगत कशी होती? आम्ही बाकी सगळे महारवाड्यातून आलेले. गावाने आम्हालाही वेशीबाहेर ठेवलं होतं, आमच्याही ओंजळीत पाणी वरून ओतलं होतं. ते आम्ही विसरलो नव्हतो, फक्त आता ओतणारे आम्ही झालो होतो. पोरं चुलीपाशी बसत आणि आश्रुबा गाडीच्या पलीकडे. मास्तर सांगत, "हलगीचं कातडं कुत्री ओढतात, त्याने तिकडेच बसावं हे बरं." कुत्रं फेरीभरात एकही दिसलं नाही. मी माझी भाकरी घेऊन पलीकडे जाऊन बसायचे, तर मास्तरांच्या कपाळाला आठ्या. त्यानंतर उठून तेच मास्तर प्रार्थनेत डोळे मिटून सांगत, प्रभूच्या घरात सगळी लेकरं एक. पोरं आमेन म्हणत. मला त्या आमेनची किळस यायची, खरं सांगते.

नेकनूरच्या अलीकडे एका आमराईत आमचा एकांत सुरू झाला. साहेब टांग्याने आले, सोबत प्रभुभोजनाचा रुपेरी पेला. तो एकच, सगळ्यांनी त्यातून घोट घोट घ्यायचा. आणि साहेबांची रीत अशी की जो नवीन बसतो त्याला मान पहिला. म्हणजे आधी आश्रुबा, मग बाकीचे.

हे कळलं आणि पोरांची तोंडं काळवंडली. सुग्रीव म्हणून एक होता, प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्याने रडणारा. तोच आधी बोलला. "आमी मांगाचं उष्टं पिनार न्हाई, मास्तर. उद्या सोयरीक कोन करंल आमच्यात?"

एवढ्या फेऱ्या केलेल्या पुढाऱ्याने काय करावं? कान उपटावा एकेकाचा. मास्तर म्हणाले, "आश्रुबाला अजून धडे नीट येत नाहीत. पुढल्या साली बसवू."

"तुमी शब्द दिलाय त्याला," मी म्हणाले. "फिरवलात तर मी सायबाला समदं सांगीन. कुत्र्याचंबी सांगीन."

मास्तर घाबरले ते देवाला नाही, पगाराला. जरा वेळ बूट वाजवत फिरले आणि मग हसत साहेबांच्या तंबूत शिरले. मी कनातीपाशीच तांदूळ निवडत होते. मास्तर सांगत होते, "साहेब, प्लेगाचे दिवस आताच सरलेत. एका पेल्याला सगळ्यांची तोंडं लागणं आरोग्याला घातक. प्रत्येकाला वेगळं मातीचं बोळकं दिलं तर?"

साहेब खुर्चीतून उठलेच. "सुंदरराव! आमच्या देशातही आता हाच विचार चालू आहे. तुम्ही काळाच्या पुढे आहात."

काळाच्या पुढे! गावाने आम्हाला किती पिढ्या वेगळी भांडी दिली, ते सगळे पाटील-देशमुख काळाच्या पुढेच होते म्हणायचे. कुंभाराकडून बोळकी आली. मास्तरांनी पोरांना ती राखेने घासायला लावली आणि स्वच्छतेवर प्रवचन दिलं.

रविवारी सकाळी आंब्याखाली सगळे ओळीने बसले. आश्रुबाला पहिला मान. साहेबांनी मनुकांचा रस त्याच्या बोळक्यात ओतला. पिऊन झाल्यावर त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. त्या घटकेला मी बाकी सगळं विसरले, माझेही डोळे भरून आले.

आटोपल्यावर पोरांनी बोळकी गोळा केली. धुऊन, पेंढ्यात बांधून पुढल्या सालासाठी ठेवायची होती. आश्रुबाने आपलं पुढे केलं. मास्तर दोन पावलं मागे सरले.

"तुझं तू घरी ने आश्रुबा. पहिल्या भोजनाची आठवण."

बाकीच्यांची टोपलीत, याचं घरी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आश्रुबाने ते कपाळाला लावलं. पोर इतकं आनंदात होतं की मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेकनूरच्या बाजारात शेवटचं प्रवचन होतं. आश्रुबाचं गाव वाटेवरच. साहेब म्हणाले, या तरुणाच्या आईला भेटूनच पुढे जाऊ. मास्तरांचा चेहरा उतरला, पण साहेबांपुढे नाही कसं म्हणणार? गाडीत मास्तर गूळ-भाकरी खात होते, ती त्यांनी भराभर संपवली. साहेबांचा टांगा पुढे होता, आश्रुबा गाडीशेजारी चालत होता.

आश्रुबाच्या आईने, बायनाबाईने, खोपटापुढे सडा घातला, घोंगडी अंथरली. साहेबांना तिने तांब्यातून पाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा प्यायलं. मग आश्रुबा आत गेला आणि बोळकं पाण्याने काठोकाठ भरून घेऊन आला. घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू होती ती. दोन्ही हातांनी त्याने ती मास्तरांपुढे धरली.

"मास्तर, यातूनच घ्या. तुमच्यामुळं मिळालं मला."

मास्तरांनी हात मागे घेतले. साहेब बघत होते, पोरं बघत होती. मास्तरांच्या मिशीला गुळाचा कण तसाच चिकटला होता.

"मला आज उपास आहे, आश्रुबा," मास्तर म्हणाले. "पाण्याचासुद्धा. बाजारातल्या प्रवचनासाठी."

"पाहा मुलांनो," साहेब गदगदून म्हणाले, "याला म्हणतात तयारी."

बायनाबाईने पदराआड तोंड केलं. ती ओळखून होती. आणि मग मला दिसलं की आश्रुबालाही कळलं. तो एकदा मास्तरांच्या मिशीकडे बघत राहिला, एकदा हातातल्या बोळक्याकडे. टोपलीत गेलेली बोळकी, गाडीपलीकडची जागा, सगळं त्याच्या तोंडावर येऊन गेलं. मला ते बघवेना. मी हात पुढे केला. "मला दे ते पानी, लेकरा."

"ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "तुमच्या पिन्यानं काय व्हनार?"

त्याने ते पाणी स्वतः प्यायलं, सावकाश. आणि बोळकं आईच्या हातात दिलं.

साहेबांना काहीच उमगलं नाही. ते उठले, टोपी घातली. "चला. आश्रुबा, हलगी घे. बाजार भरला असेल."

आश्रुबा जागचा हलला नाही.

"चल की," मास्तर म्हणाले, आणि आज पहिल्यांदा त्यांच्या आवाजात विनवणी होती. "लोक कसे जमतील?"

"हलगीचाबी आज उपास हाय, मास्तर," आश्रुबा म्हणाला आणि आत गेला.

नेकनूरच्या बाजारात मास्तर दुपारपर्यंत गाडीवर उभे राहून गात होते.