मिनल जपानी बोलेना

"मी सोमवारी मुलाखतीला जाणार नाही," मिनलनं चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं आणि बुद्धरत्न कांबळेंच्या डोक्याला भुंगा लागला.

बुद्धरत्न चाकणच्या एका जपानी कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. दुभाषी रजेवर असला की लाइन कशी खोळंबते, शिकलेसवरलेले इंजिनिअर हातवारे करत कसे उभे राहतात, हे ते नेहमी बघत होते. म्हणून तर बारावी झाल्याझाल्या लेकीला त्यांनी निगडीच्या जपानीच्या क्लासला घातलं. पोरीनं परीक्षा धडाधड काढल्या. आता त्यांच्याच कंपनीत शिकाऊ दुभाष्याची जागा निघाली होती, पुढे जपानला प्रशिक्षणाची संधी होती, आणि ही म्हणते जाणार नाही!

"अगं, पण का?"

"लिहिता येतं, बाबा. बोलायला गेलं की घसा कोरडा पडतो."

कामावर त्यांचं लक्ष लागेना. तेवढ्यात मीटिंगमध्ये नवे मोरिता साहेब उठले आणि चक्क मराठीत म्हणाले, "नमस्कार. मी मोरिता. तुम्ही काम छान. मी खूप आनंद." बस्स! टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या बुद्धरत्नांच्या होत्या.

घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला, कस्तुराला, हे कौतुकानं सांगितलं. "मोडकंतोडकं का होईना, आपल्या भाषेत बोलला गं माणूस!"

मेथी निवडणारा कस्तुराचा हात थांबला. "त्यांचं मोडकं गोड लागलं. आणि मिनलचं?"

"तिचं काय?"

"मागच्या रविवारी शेजारचे भिवाभाऊ आले. तुम्हीच तिला उभं केलंत, बोल गं जपानी, दाखव काकाला म्हणून. ती अडखळली. दोघं पोट धरून हसलात, वर तोंड वाकडं करून नक्कल केलीत. पाहुणा आला की दरवेळी हेच!"

"गंमत गं ती!"

"मी लातूरहून लग्न होऊन आले, तिकडच्या बोलीत 'काय करायलाव' म्हटलं की तुमच्या बहिणी फिदीफिदी हसायच्या. तुम्हीही हसायचात. ती पण गंमतच! कितीतरी दिवस चारचौघांत तोंड उघडलं नाही मी. परक्यानं आपली भाषा मोडली तर टाळ्या, आणि आपलं लेकरू परकी भाषा बोलताना चुकलं की खिदळणं? चुकल्याशिवाय कोण बोलायला शिकलंय हो?"

बुद्धरत्न ओशाळले. पोरीचा घसा कोरडा पाडणारे आपणच! संध्याकाळभर ते गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिले.

रविवारी भिवा पुन्हा आला. जयभीम झाला, चहा आला. बुद्धरत्न एकदम उठून उभे राहिले आणि जपानीत स्वतःची ओळख करून देऊ लागले. "हाजिमेमाश्ते. बुद्धरत्न देस." मोबाइलवर ऐकून पाठ केलेलं पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

भिवा खो खो हसत सुटला. "राव, ह्या वयात काय हे!"

बुद्धरत्नांचे कान तापले. केवढं झोंबतं हे! आणि पोरीनं ते कितीदा सोसलं!

"हस भावा," ते म्हणाले, "मी पुन्हा बोलणार. पण मिनल बोलत असताना ह्या घरात कुणी हसायचं नाही. मीसुद्धा नाही."

मिनल दारात उभी होती. "बाबा, ओळखीच्या शेवटी म्हणायचं 'योरोशिकु ओनेगाइशिमास' राहिलं."

"अवघड आहे गं. तू म्हण, मी मागून म्हणतो."

भिवाचा चहा गार झाला, पण त्या दोघांचं बोलणं थांबेना.

सोमवारी मिनल मुलाखतीला गेली. अडली, चुकली, तरी बोलत राहिली, आणि तिची निवड झाली.

मित्रहो, आपल्या मुलांना शिक्षणाची नि रोजगाराची किती दारं आज परक्या भाषेनं उघडतात! आपण क्लास लावून देतो आणि घरात मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप घालतो. तुमच्याकडे असं अडखळत बोलणारं कुणी असेल, तर हसू नका. पुढे काय म्हणायचंय, एवढंच विचारा आणि ते सापडेपर्यंत थांबा.