हँडपॅनवरचं कुंकू

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्राबाईंनी, माझ्या हँडपॅनला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: उलटी कढई. पोलादाच्या दोन कढया तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसं ते वाद्य दिसतं, हे मला कबूल आहे. वरच्या बाजूला ठोकून काढलेल्या नऊ जागा असतात, त्यांनाच सूर म्हणतात. मांडीवर घ्यायचं आणि बोटांनी वाजवायचं.

नवरा पृथ्वीराज फौजेत, सीमेवर. फोन कधी लागतो, कधी नाही. कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकून घरी आलं की मला काहीतरी गोड ऐकावंसं वाटायचं. मोबाईलवरचे धडे बघत मी शिकायला लागले. सुरुवातीला हलगीसारखं बडवायची आणि सूर रुसायचा. तापल्या तव्याला बोट लागल्यासारखं चटकन उचललं की तो बोलतो, ही अक्कल यायला माझा सगळा उन्हाळा गेला.

वाजवून झालं की घाम राहू द्यायचा नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसायचं, अधूनमधून तेलाचा पातळ हात द्यायचा. गंज आला की सूर गेला. मी त्याला नवऱ्यापेक्षा जास्त जपते, असं आत्या गल्लीभर सांगत फिरायच्या.

नवरात्राच्या साफसफाईत त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्याच्या आत ही कढई माळ्यावर जाणार. घरात कामाच्याच वस्तू दिसल्या पायजेत."

मी तडकले. "ती पण कामाचीच हाय."

"कुठलं काम करती ती?"

तो प्रश्न मला झोंबला. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती.

खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली आणि मी दुपारीच घरी आले. हँडपॅन जागेवर नव्हतं. भांडायच्या तयारीने माळ्यावर चढले, तर तिथेही नाही. खाली देवघरासमोर आले आणि थबकले. कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने ओळीने मांडलेले, आणि मधोमध पाटावर माझं हँडपॅन. लख्ख धुतलेलं, अजून निथळणारं. नऊही सुरांवर ओलं कुंकू. शेजारी आत्या पूजेचं ताट घेऊन बसलेल्या.

मला आनंद झाला. पण पाणी बघून धसकाही बसला, आणि तोंडातून निघून गेलं, "आत्या, आधी त्याचं कुंकू पुसा."

आमच्याकडे हे कुणी बोलत नाही. बाईचं कुंकू पुसतात ते नवरा गेल्यावर. आत्यांचा हात पूजेच्या ताटातच राहिला. मी जीभ चावली.

"तसं न्हवं, आत्या. ओल राहिली तर गंज चढंल. सूर जाईल."

"परत वाजायचं न्हाई?"

"वाजंल. पर असं न्हाई."

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम त्यांचाच. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"कामाची वस्तू न्हाई म्हणलेली मी," त्या म्हणाल्या. "पर तू कारखान्यातनं येतीस ती त्वांड मिटून येतीस. ह्ये वाजीवलंस की माणसात येतीस. म्हणून ठिवलं पूजंला."

मला रडू आलं.

"पुसायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "उचलायचं."

एका सुरावरचं कुंकू त्यांनी बोटावर घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. मग दुसऱ्यावरचं. त्यांच्या बोटाखाली सूर हळूच बोलत होते. माझं कपाळ मळवट भरल्यासारखं झालं. मधल्या मोठ्या सुरावरचं कुंकू त्यांनी शेवटी उचललं.

"ह्ये माझ्या पृथ्वीच्या नावाचं," म्हणत त्यांनी ते माझ्या भांगात भरलं.

मग पदराला बोट पुसत म्हणाल्या, "आता घे तुझं कापड. आता पुसलं तरी चालतंय."