दुभाजकावरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, रस्त्यावरचा. आजवर दोन शहरं पाहिली. पहिल्या शहरात लोक माझ्यावर बसत, दुसऱ्या शहरात माझे फोटो काढतात. फरक तिथेच कळला असेल, तरी पुढचं ऐका. बाकाला दुसरं काम काय असतं?

माझे पाय ओतीव लोखंडाचे आणि पाठ सागवानाची. पट्ट्या ठोकून झाल्यावर सुतार स्वतः माझ्यावर बसला. मग त्याने बायकोला बसवलं. पाठ टोचते असं ती म्हणाली, तेव्हा त्याने कुरकुर न करता सगळी पाठ उकलून थोडी मागे कलती केली. इतक्या लाडाकोडात मी जन्मलो.

पहिल्या शहराचा मधला भाग म्हणजे एक चढाचा, अरुंद रस्ता. दुकानं एकमेकांना खेटून होती आणि प्रत्येकाचं छप्पर पुढे आलेलं, त्यामुळे एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पाय टाकत माणूस वरपर्यंत जाई. दवाखाना, वाचनालय, किराणा, सगळं पायाखालचं. गाड्याही यायच्या, पण नव्या जावयासारख्या, बेताबेतानं, लोकांच्या मागून. मी बरोबर चढाच्या मध्यावर होतो. दवाखान्यातून परतणारे माझ्यावर टेकायचे, निकाल लागलेली मुलं घरी जाण्याआधी माझ्यावर बसून धीर गोळा करायची. माझ्या मागेच एका शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या ओठांत कायम टाचण्या असत, म्हणून सगळे त्याला टाचणीकाका म्हणत. त्याचे कपडे कधीच वेळेवर तयार नसत, त्यामुळे माझी जागा कधीच रिकामी नसे. तिथे सगळं गोडगोड होतं असं नाही. एका दिवट्याने माझ्या हातावर खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं. पण निदान तो बसला तरी होता!

मग दुसऱ्या शहराचे साहेब लोक आले. त्यांच्याकडे कुणी पायी चालत नाही आणि आमच्याकडे सगळे चालतात, हे कसं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. तो त्यांनी काचा बंद केलेल्या बसमधून केला. चहा प्यायला म्हणून तेवढे माझ्यापाशी उतरले. मोठे साहेब माझ्यावर बसले, पाठ टेकली आणि खूश झाले. हाच तो, म्हणाले, आमच्याकडे हाच नाहीये. पाहुण्यांना काही आवडलं की नाही कसं म्हणायचं? आमच्या नगराध्यक्षांनी तिथल्या तिथे मला भेट देऊन टाकलं.

टाचणीकाकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. ते फार क्वचित काढत. "अहो, आजोबा आवडले म्हणून कुणी दुसऱ्याचे आजोबा उचलून नेतं का?"

सगळे हसले. आणि मला टेम्पोत चढवलं.

मित्रांनो, दुसरं शहर पहिल्याएवढंच आहे. माणसं तेवढीच, दुकानंही तेवढीच. पण मधला रस्ता एवढा रुंद, की पलीकडचा माणूस ओळखीचा आहे की नाही ते कळू नये. फुटपाथ आहे, म्हणजे आठवणीपुरता आहे. त्यावर आधी स्कूटर, मग विजेची पेटी, मग दुकानाची पाटी आणि शेवटी थेट गटार. मला तिथे ठेवावं तर गाड्या लावायची जागा जाणार. म्हणून साहेबांनी डोकं लढवलं आणि मला रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर, दोन कुंड्यांच्या मध्ये बसवलं. गाडीतून जाताना सगळ्यांना छान दिसतो म्हणे. असून अडचण, नसून खोळंबा! चालणाऱ्यांसाठी आणलेला मी, आणि माझ्यापर्यंत चालत येण्याची सोय नाही.

तरी दोघीजणी आल्या. सख्ख्या बहिणी. थोरली रस्त्याच्या या बाजूला बेकरीच्या वर राहते, धाकटी त्या बाजूला बँकेच्या मागे. गुडघे दोघींचेही गेलेले. गाड्यांच्या एका फटीत अख्खा रस्ता ओलांडणं जमेना, म्हणून समोरासमोर राहून दोघी फोनवर बोलायच्या. मी आलो आणि त्यांना कळलं, की अर्धा रस्ता जमतोय. रोज संध्याकाळी ही इकडून, ती तिकडून, हात वर करत, शिव्या खात, माझ्यावर येऊन बसायच्या. थोरली मटार सोलायची आणि धाकटी ते खायची. आजूबाजूला धूर, हॉर्न, धूळ. पण त्यांनी माझं नाव ठेवलं होतं माहेर. "उद्या माहेरी लवकर ये गं," असं एकमेकींना बजावून उठायच्या. मी पुन्हा बाक झालो होतो.

मग कुणीतरी तक्रार केली, की म्हाताऱ्या मध्येच रस्त्यात शिरतात. तक्रार खोटी नव्हती. पण साहेबांनी गाड्या हळू केल्या नाहीत, पांढरे पट्टे मारले नाहीत. माझ्या दोन्ही बाजूंनी छातीएवढी जाळी लावली. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माळ्यासाठी त्यात एक फाटक ठेवलं, त्यालाही कुलूप. माहेर बंद झालं. बहिणी पुन्हा समोरासमोर उभ्या राहून फोनवर बोलू लागल्या. मध्ये बस आली की बोलणं थांबायचं.

पुढे चालायला उत्तम शहर निवडण्याची स्पर्धा निघाली आणि साहेबांना फोटो हवा झाला. बाकावर दोन हसऱ्या आज्या हव्यात, असं ठरलं. पोलिसांनी दोन्हीकडची वाहतूक थांबवली, फाटक उघडलं, आणि दोघी बहिणी अख्ख्या मोकळ्या रस्त्यावरून, कुणालाही हात न दाखवता, सावकाश चालत आल्या. बसल्या. फोटो झाला. साहेब म्हणाले, झालं मावशी, उठा आता.

"आम्ही नाही उठत," धाकटी म्हणाली. "तुम्ही रोज फोटो काढा ना."

हॉर्न वाजू लागले. पोलीस आधी दरडावून पाहू लागला, मग हात जोडू लागला. मावशी, माझी नोकरी जाईल, म्हणाला. धाकटीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. थोरली नुसती तिच्याकडे बघत होती, जणू बोलायचं साठलेलं सगळं आताच बघून घ्यायचं होतं. तेवढ्यात त्या खोळंबलेल्या रांगेत मागे कुठेतरी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजायला लागला.

थोरली आधी उठली. "ऊठ गं," ती म्हणाली. "आत कुणाचीतरी बहीण असेल."

दोघी उठल्या. ही इकडे गेली, ती तिकडे. फाटकाला कुलूप लागलं. त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल, कुणी मोठ्या बाईसाहेब. रस्ते तुमच्या हातात येतील. तेव्हा मला रंग लावू नका, माझ्याभोवती कुंड्या तर मुळीच मांडू नका. आधी गाडीतून खाली उतरा. गुडघे दुखणाऱ्या एखाद्या माणसाचा हात धरा आणि त्याच्या चालीने माझ्यापर्यंत येऊन बघा. येता आलं, तरच मला तिथे ठेवा. नाहीतर सरळ मोडून जळणात घाला. मला राग येणार नाही.