मागच्या खोलीची कडी

"ताई, ही कडी बाहेरून नका लावत जाऊ. एखाद्या दिवशी भलतंच कुणी आत राहायचं," धुणंवाली म्हणाली होती.

सूनबाईनं तिच्या हातात पिळलेली चादर देत विषय उडवून लावला. "अहो, मागच्या खोलीतल्या आजी विसराळू झाल्यात. रस्त्यावर निघून जातात."

धुणंवालीनं चादर झटकली. "रस्त्यावर? मी तर त्यांना अंगणापलीकडे गेलेलं कधी पाहिलं नाही बाई."

खरं कारण सूनबाईला ठाऊक होतं. मागे एकदा म्हातारी भिंतीला धरत धरत पुढच्या बाजूला, घरच्याच फोटो स्टुडिओत गेली होती. तिथल्या सर्वांत मोठ्या फोटोपुढे एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला ती सहज म्हणाली, "ही मी." गिऱ्हाईक हसलं, पण सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लगेच सुतार येऊन कडी बसवून गेला.

ते फोटो सासऱ्यांच्या वडिलांनी काढलेले. त्या काळी नाचगाण्याच्या कंपन्यांमधल्या बायका या स्टुडिओत येत, रंगवलेल्या पडद्यापुढे उभ्या राहत. पहिली बायको वारल्यावर त्यांनी त्यातल्याच एकीशी लग्न केलं. लग्न चारचौघांदेखत झालं, पण घरानं ते कधी मानलं नाही. पाहुण्यांना ती स्वयंपाकीण म्हणून दाखवली जाई. नवरा गेला आणि तिची रवानगी मागच्या खोलीत झाली. तिचं नावही गेलं. "मागच्यांना चहा दिला का?" एवढीच तिची घरातली ओळख उरली.

सूनबाई कॉलेज शिकलेली, वक्तृत्वात ढाल मिळवलेली. सुरुवातीला तिनं विषय काढून पाहिला. सासूबाई भाजी चिरता चिरता थांबल्या.

"बोल ना, गावभर बोल. उद्या तुझ्या पोरीला बघायला लोक आले की त्यांनाही सांग, हिची पणजी नाचायची म्हणून. मग बघू कोण उंबरा चढतंय ते."

सूनबाईच्या कडेवर तेव्हा तान्ही चिमणी होती. झोपलेल्या लेकीचा श्वास रात्रीत दहादा तपासणारी ही आई. तिनं ढालीसकट जीभ आवरली.

चिमणी पाच वर्षांची झाली आणि सगळ्यांचा डोळा चुकवून, कडी काढून मागच्या खोलीत जाऊ लागली. तिथं एक खेळ चाले. पणजी तिला खाटेवर ताठ बसवायची आणि म्हणायची, "आता हलायचं नाही हं. मी 'झालं' म्हणेपर्यंत पापणीसुद्धा नाही."

"तू पण अशीच उभी राहायचीस?"

"मी कसली उभी राहतेय! मानेमागं लोखंडी दांडा असायचा, फोटोत न दिसेल असा. लोक म्हणायचे, काय डौल आहे बाईचा! अगं, मला धरून ठेवलेलं होतं."

सूनबाईनं हे दाराआडून ऐकलं. लेकीला बोलावून घ्यावं की नाही ते तिला ठरवता आलं नाही. तिनं दूध उतू जाईल म्हणून काढता पाय घेतला.

अशात जुन्या फोटोंना एकाएकी भाव आला. सासऱ्यांनी स्टुडिओत प्रदर्शन भरवलं. नव्या चौकटी, नवे दिवे, आणि त्या मोठ्या फोटोखाली सुबक अक्षरांत पाटी: 'अनामिक नर्तकी'.

पाहुणे यायच्या सुमारास सासूबाई सूनबाईच्या कानाशी आल्या. "कडी मी लावून आलेय. सकाळपासून कण्हत होत्या. दाराबाहेरूनच म्हटलं, आज तरी तोंड बंद ठेवा, कोणी येऊन सांगेपर्यंत जागचं हलू नका."

"ताप आहे का त्यांना? डॉक्टरांना..."

"आजच? पाहुण्यांच्या गर्दीतून डॉक्टर मागं नेऊ? अक्कल गहाण टाकलीस का?"

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन पुढे गेली. फोटोपुढे घोळका जमला होता. "काय नजर आहे! कोण हो या?" एका बाईंनी विचारलं.

"काय सांगणार," सासरे हसले. "अशा छप्पन यायच्या."

सूनबाईनं सवयीनं वळून पाहिलं. चिमणी दिसेना.

तिनं टेबलाखाली पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना ती अनवाणी धावून आली. मागच्या खोलीवरून तर तीनदा गेली. बाहेरून कडी असलेल्या खोलीत कोणी नसतं, हे घराबरोबर आता तिलाही पटलेलं होतं.

चौथ्यांदा जाताना धुणंवालीचे शब्द आठवले. तिनं कडी ओढली.

आत उकडत होतं. खाटेवर म्हातारी भिंतीला टेकून ताठ बसली होती, आणि तिच्या शेजारी, घामानं भिजलेली, तशीच ताठ चिमणी. सासूबाईंनी आत न बघताच कडी घातली होती.

"आई, हलू नकोस," चिमणी ओठ न हलवता पुटपुटली. "पणजी अजून झालं म्हणाली नाही."

सूनबाईनं म्हातारीचा हात धरला. तो गार होता. लेकीचा श्वास रोज तपासणारी ती बोटं तिनं त्या नाकाशी धरली, बराच वेळ धरली.

"झालं, बाळा," ती म्हणाली. "झालं."

दारात सासूबाई आल्या. क्षणभर पांढऱ्या पडल्या, मग पदर सावरल्यासारखा आवाज सावरला. "ओरडू नकोस. पाहुणे जाऊ देत, मग बघू. दार लोटून घे."

"तुमची नातही आत होती."

"सापडली ना? मग! घराची शोभा करू नकोस."

सूनबाईनं चिमणीला कडेवर घेतलं आणि सरळ स्टुडिओत गेली. नवऱ्यानं खुणेनं थांबवलं, सासरे दात खाऊन म्हणाले, "आत जा." ती गेली नाही. तिनं पाटी काढून टेबलावर पालथी ठेवली.

"मघाशी तुम्ही विचारलंत ना, या कोण? या माझ्या सासऱ्यांच्या आई. सावत्र, पण आई. आम्ही त्यांना मागं कोंडून ठेवलं होतं, मीसुद्धा. त्या आत्ताच गेल्या. ज्यांना बघायचं असेल त्यांनी या. दार उघडं आहे."

कोणी कप खाली ठेवला, कोणी काढता पाय घेतला. "बाई ठिकाणावर दिसत नाही," असंही कोणी म्हणालं. ती परत वळली तेव्हा तिच्यामागे फक्त त्या प्रश्न विचारणाऱ्या बाई होत्या.

संध्याकाळी तिनं आपल्या हातानं त्या कडीचे स्क्रू काढले. चिमणी बाजूला बसून एकेक स्क्रू ओंजळीत घेत होती.

वाचकहो, तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, मागच्या बाजूला एखादी खोली असेल. तिथल्या बाईला चहा वेळेवर जात असेल. हे पान खाली ठेवा, आणि आधी जाऊन बघून या. कडी कुठल्या बाजूला आहे तेही बघा.